पीळ

पहिल्या दिवशी दारातच विचारलं,
तू कुठली?
मी म्हटलं, कराडची.
मग, जरा थांबून, कृष्णा-कोयना
जिथं समोरासमोर येऊन भेटतात तिथली.
बाई हसली.
तिला फक्त विभाग हवा होता.

इथे प्रत्येकाला एक विभाग आहे
आणि विभागाला एक किल्ली.
धातूवाल्यांची नखं काळी, छपाईवाल्यांची निळी,
विणकामवाल्यांच्या बाहीला
कायम कुठला तरी परका धागा चिकटलेला.
आम्ही सातजण आंतरविद्याशाखीय.
हा शब्द उच्चारून होईस्तोवर
लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचते.
आमच्याकडे किल्ली नाही.
ट्रॉली आहे, एक चाक वाकडं असलेली.

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदी इथवर येऊन इतकी रुंद होते
की आपण अजून नदी आहोत की समुद्र
हे तिनंही ठरवायचं सोडून दिलंय.

मी आठ वर्षं पुलांचे हिशेब केले.
दाब, ताण, पीळ:
तीन रकाने, खाली सही.
इथे फिनेला माझ्या कामाभोवती एक फेरी मारते
आणि म्हणते, हे किती वजन पेलेल ते कळलं.
पण हे का आहे?
या प्रश्नाला फॅक्टर ऑफ सेफ्टी नसतो.
मी रात्री उठून पाणी पिते.
ताण आता रकान्यात मावत नाही.

मोराग विणकामाची खोली सांभाळते.
तिची आई तागाच्या गिरणीत होती.
यंत्रांच्या खडखडाटात बायका
ओठांनी बोलायच्या, बोटांनी भांडायच्या.
मोराग अजून तशीच बोलते,
शांत खोलीतसुद्धा, तोंड मोठ्ठं करून.
तिनं मूठभर ताग पुढे केला.
वळ, म्हणाली.

मी खुर्ची सोडून खाली बसले,
मांडीवर ताग घेतला, तळव्यानं वळू लागले.
कुणी शिकवलं नव्हतं,
बघून बघून हातात कधी उतरलं कुणास ठाऊक.
वळता वळता ती म्हण आठवली.
सुंभ जळला तरी.
नोकरी सोडली तेव्हा काकांनी
चहाचा कप खाली ठेवून ती मला उद्देशून वापरली होती.
म्हटलं, बघू तरी.

दोरी मेणात बुडवली, प्लास्टरमध्ये पुरली,
साचा रात्रभर भट्टीत.
कॅलम ओतकामाचा माणूस, कमी बोलणारा.
म्हणाला, सकाळी आत काही उरणार नाही.
म्हटलं, तेच हवंय.

पहिलं ओतकाम फसलं.
ब्राँझ अर्ध्यात अडलं.
मी तापमान काढलं होतं, आकारमान काढलं होतं,
दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत.
कॅलमनं साचा फोडला,
तो बोटभर थोटूक माझ्या हातावर ठेवलं.
हवेला बाहेर जायला वाट ठेवली होतीस?

नव्हती ठेवली.

फेब्रुवारीत दुसरी दोरी वळली. चार हात.
या वेळी वाटा ठेवल्या, सात.
जास्तच झाल्या, कॅलम म्हणाला, पण असू देत.

प्लास्टर धुतलं नळाखाली.
ताग केव्हाच राख होऊन गेलेला
आणि ब्राँझमध्ये त्याची एकेक वेढी, एकेक फुसका तंतू,
जिथं माझा तळवा घामेजला होता
तिथलं चपटेपणही.
काकांना फोटो पाठवला.
त्यांनी अंगठा पाठवला.
त्यांना काय वाटलं असेल कळायला मार्ग नाही.

ट्रॉली कुईकुई करत मोरागच्या दारात नेली.
तिनं चष्मा लावला नाही.
दोरी मांडीवर घेतली, अंगठ्यानं वाचू लागली.
मग तोंड मोठ्ठं करून, आवाज न काढता:
इथं घाई केलीस.
अंगठा पुढे सरकला.
इथं कुणाशी तरी बोलत होतीस.
पुढे. पुन्हा थोडा मागे.
इथं थांबलीस. का?

मी अजून आठवतेय.